कलम २७चं आजोळ न्यूयॉर्कात

हिंजवडीतल्या ऑफर लेटरमध्ये शेवटच्या पानांत कुठेतरी एक अट दबा धरून असते: नोकरी सोडल्यावर अमुक महिने प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही. वकिलाला दाखवा, तो म्हणतो, सही करून टाका, कोर्टात टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. कलमात आज अपवाद एकच, गुडविलसकट धंदा विकला असेल तर.

असं पत्र हाती असलेला इंजिनीअर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला गेला, तर तिथला वकीलही हेच सांगेल. बोस्टनचा सांगणार नाही. मॅसॅच्युसेट्सच्या २०१८च्या कायद्याप्रमाणे काही अटी पाळून वर्षभराचं बंधन चालतं. जर्मनीत दोन वर्षांपर्यंत चालतं, पण तेवढा काळ मालकाने निदान निम्मा पगार मोजायचा. इंग्लंडात बंधन वाजवी आहे की नाही, एवढंच न्यायाधीश बघतो. मग इंग्रजांनी घडवलेला आपला कायदा लंडनला सोडून कॅलिफोर्नियाशी कसा जुळला?

दोघांनी एकाच वहीतून उतरवून घेतलं म्हणून. वही डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या वकिलाची. अमेरिकेचा सगळा दिवाणी कायदा एका संहितेत बसवायचा, हा त्याचा ध्यास. १८६५ मध्ये त्याने न्यूयॉर्कसाठी मसुदा पुरा केला. खुद्द न्यूयॉर्कने तो कधीच स्वीकारला नाही. विधिमंडळातून सुटला तेव्हा गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. (२०२३ मध्ये नोकरदारांवरची ही बंधनं रद्द करणारं विधेयक तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलं आणि गव्हर्नरने पुन्हा तेच केलं. न्यूयॉर्कची खोड जुनी आहे.) कॅलिफोर्नियाने मात्र तो उचलला. फील्डचा धाकटा भाऊ स्टीफन १८४९ मध्ये सोन्याच्या धामधुमीत तिकडे गेला होता आणि पुढे तिथल्या आमदारकीपासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. घरचा माणूस आधीच तिथे असणं मसुद्याला उपयोगी पडलंच असणार.

आता तारखा पाहा. कॅलिफोर्नियाची दिवाणी संहिता २१ मार्च १८७२ची, आपला करार कायदा २५ एप्रिल १८७२चा. जेमतेम महिन्याचं अंतर.

कलम २७ इतकं कडक का, याचं एक उत्तर कायद्याच्या पुस्तकांत वारंवार येतं: हिंदुस्थानात व्यापार बाल्यावस्थेत होता, त्याला जपायला सरकारने बंधनंच नकोत म्हटलं. मला हे पटत नाही. हीच तरतूद न्यूयॉर्कसाठी लिहिली गेली होती, आणि १८६५च्या न्यूयॉर्कचा व्यापार पाळण्यात होता असं कोण म्हणेल? माझा अंदाज साधा आहे. कायदा तडीस नेणारे हिंदुस्थान सरकारचे विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन (फील्डच्या भावाशी नातं नाही) त्याच सुमारास मायदेशी परतायच्या बेतात होते. इंग्लंडातला वाजवीपणा शेकडो निकालांत विखुरलेला. जिल्ह्याच्या गावी ग्रंथालयाविना बसणाऱ्या मुन्सफाला तो काय कामाचा? फील्डचं एक वाक्य खिशात मावत होतं. इंग्रज कायदेपंडित फ्रेडरिक पोलॉकने पुढे या उसनवारीवर कोरडे ओढले. त्याच्या मते ती संहिताच वाईट होती.

उसनं वाक्य पचलं ते कलकत्त्यात. १८७४ मध्ये तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्या दोघांचा खटला आला. स्पर्धेने हैराण झालेल्या एकाने दुसऱ्याला कबूल केलं की तू या भागातलं दुकान बंद कर, कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो. दुकान बंद झालं, पैसे काही आले नाहीत. बंधन एकाच भागापुरतं, म्हणजे इंग्लंडात कदाचित चाललं असतं. पण सरन्यायाधीश रिचर्ड काउच यांनी कलम अक्षरशः वाचलं: अर्धवट बंधनही बंधनच, करार रद्द. बिचाऱ्याचं दुकानही गेलं आणि पैसेही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९५८ मध्ये विधी आयोगाने वाजवी बंधनांना वाट द्या म्हटलं, कुणी ऐकलं नाही. २००६ मध्ये श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला त्याच्या जुन्या व्यवस्थापन कंपनीच्या करारातून सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर सोडवलं.

पण भारत आणि कॅलिफोर्नियाच्या या भावंड-कायद्यांनी वाटा बदलल्या त्या नोकरी चालू असतानाच्या बंधनावरून. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार मोडून जास्त पगारावर कोट्याला गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुदतीतलं बंधन कलम २७मध्ये बसत नाही. याच धाग्यावर २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये हा बाँडही टिकला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला: १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांत, काही अपवाद सोडून, नोकरी सोडली म्हणून पैसे भरायला लावणारी अट चालणार नाही.