देवरीची सडक आणि तिची झाडे

नागपुराहून भंडारा, साकोली आणि कोहमारा ओलांडून रायपूरकडे जाणारी जी सडक इंग्रजी अमदानीत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नावाने सरकारी दप्तरात नोंदली गेली, पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाली आणि आज क्रमांक ५३ म्हणून ओळखली जाते, ती महाराष्ट्राची हद्द सोडून छत्तीसगडात शिरण्यापूर्वी देवरीतून जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाला धूळ, धूर आणि वैशाखातले ऊन ही तिन्ही या सडकेने दिली, किंवा निदान वाढवून दिली. म्हणून नागरिकांनी एकत्र येऊन झाडे लावावीत, हवा स्वच्छ राखावी, वस्तीत सावलीची जागा निर्माण करावी, असा विचार येथे होऊ लागणे स्वाभाविकच आहे. मात्र हा विचार आपल्याच पिढीला प्रथम सुचला असे जर कोणी मानत असेल, तर त्याने या मुलखाचा गेल्या दीड-दोन शतकांचा इतिहास एकवार चाळून पाहिला पाहिजे.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा प्रदेश तलावांचा. कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी उतारावरचे पाणी पाळ घालून अडवले, धानाची शेती उभी केली, आणि ज्या पाळींवर ते पाणी तोलले होते त्या पाळींवर व गावाच्या वेशीपाशी आंबा, चिंच, वड, पिंपळ यांची लागवड केली. नवेगावचा विस्तीर्ण बांध ज्या कोलू पाटलाच्या नावाशी परंपरेने जोडला आहे तो याच कुळातला. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा होऊन १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत सपाटीवरच्या गावांचे मालगुजार जमिनीचे मालक ठरले. चिचगडसारखा पूर्वेकडचा डोंगराळ, अरण्यमय मुलूख मात्र जमीनदारांकडेच राहिला. या जमाबंदीबरोबर गावोगावचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून घेण्याची पद्धत पडली. गावच्या पडीत जमिनीवर आणि रानावर कोणाचा काय हक्क, जळणाची काटकी आणि नांगराचे लाकूड कोणी कोठून आणावे, गुरे कोठे चारावीत, हा सारा निस्तार अशा कागदांत येत असे. अशा कागदातील वाक्ये रूक्ष खरी. परंतु झाड आणि माणूस यांच्यामधला संबंध वर्षानुवर्षे टिकावा यासाठी जे अवश्य होते ते त्या रूक्ष वाक्यांत होते, असे माझे मत आहे. ज्याने आंबा लावला त्याच्या वंशाचा त्याच्या फळावर हक्क असे. मोहाखाली पहाटे कोणी टोपली घेऊन जावे हे गाव जाणत असे. आणि गोंडांच्या श्रद्धेत बडादेवाचा वास ज्या साजाच्या झाडात, म्हणजे ऐनात, असतो त्या झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी.

स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात जबलपूरकडची एक चाल नोंदवली आहे. तिकडे आमराई लावणारा मनुष्य तिचे यथाविधी लग्न लावल्याखेरीज तिचे फळ तोंडात घालीत नसे, आणि या लग्नावर कित्येकदा ऐपतीबाहेर खर्च होई. अशा चालीला आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो; पण ज्या झाडाच्या लग्नाला सारा गाव जेवला, ते झाड उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळले तर लावणाऱ्याला गावात तोंड दाखवण्याची चोरी होत असेल, हे आपण ध्यानात घेत नाही.

सडकेच्या झाडांची कथा याहून निराळी आहे, कारण ती झाडे सरकारची. बैलगाड्यांची रांग, कूच करणारी पलटण, मिठाचे आणि धान्याचे तांडे घेऊन चालणारा बंजारा, या सर्वांना उन्हात सावली हवी, म्हणून मोठ्या सडकांच्या दुतर्फा आंबा, चिंच, जांभूळ, कडुनिंब, करंज लावण्याचे धोरण इंग्रज सरकारने ठेवले होते. रोपाभोवती काट्यांचे कुंपण घालणे आणि ते वाढेपर्यंत पाणी घालणे ही कामे ठराविक माणसांकडे सोपवलेली असत. आंबा-चिंचेचा बहर दरसाल लिलावाने देण्याची वहिवाट होती, आणि या व्यवस्थेत एक हिशेबी शहाणपण होते: ज्या झाडापासून खात्याला उत्पन्न येते त्या झाडाची नोंद खाते ठेवते.

पुढे नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी गोंदिया, आमगाव, सालेकसा या मार्गाने डोंगरगड-राजनांदगावकडे गेली, आणि देवरीची सडक बाजूला पडली. तांडे ओसरले, गाड्या कमी झाल्या, धान आणि इमारती लाकूड रेल्वेच्या फलाटाकडे वळले. व्यापाराच्या दृष्टीने ही हानीच होय. परंतु सडकेच्या झाडांना वर्दळीविना विस्तारायला जो कित्येक दशकांचा अवधी मिळाला तो याच उपेक्षेमुळे मिळाला.

मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. ती संपणे न्यायाचेच होते, याविषयी दुमत नसावे. मात्र जे तलाव सरकारजमा झाले, ज्यांना आजही येथे ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांच्या पाळीकडे पाहणारे घर उरले नाही, आणि पाळीवरच्या झाडांचा वारसही उरला नाही. नेमक्या त्याच सुमारास, १९५० साली, कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. म्हणजे वृक्षारोपणाला राष्ट्रीय सणाची प्रतिष्ठा मिळत होती तेव्हाच वृक्षसंगोपनाची ग्रामव्यवस्था विस्कळीत होत होती. त्यानंतर सामाजिक वनीकरण आले, सुबाभूळ आणि निलगिरी आली. आणि १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्राने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला, जो पुढील तीन वर्षांत ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी असा चढत गेला. या संकल्पांमागची तळमळ खरी होती. पण मोजदाद लावण्याच्या दिवसाची झाली. तिसऱ्या उन्हाळ्याची मोजदाद तितक्या उत्साहाने झाली नाही, आणि रोप जगते की मरते हे ठरते ते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच.

दरम्यान सडकेवर वर्दळ परतली, आणि ती मालमोटारींची. छत्तीसगड-ओडिशाकडून येणारा माल देवरीवरून जाऊ लागला, सीमेच्या तपासणी नाक्यापाशी मोटारींच्या रांगा लागू लागल्या, डिझेलचा धूर वस्तीत शिरला, आणि रस्ता रुंद करताना, अशा प्रत्येक महामार्गावर होते तसे, जुनी झाडे प्रथम गेली. हवा शुद्ध करण्याविषयी बोलताना अतिशयोक्ती करू नये. झाडांची दाट रांग पानांवर जाडसर धूळ धरते, वाऱ्याचा वेग मोडते, तापलेल्या डांबरावर सावली घालते आणि भोवतालचे तापमान उतरवते; इंजिनाचा बारीक धूर मात्र ती नाहीसा करू शकत नाही, आणि त्यासाठी वाहनांवरच निर्बंध हवेत. एवढी मर्यादा मान्य करूनही ४५ अंशांच्या उन्हात बसथांब्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला एका कडुनिंबाचे मोल काय आहे, ते तिला विचारावे.

कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्षगणना आहे, आणि २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जाही मिळाला आहे. रानाकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क दिले. ज्या तेंदू-मोहावर आपला हक्क कागदोपत्री सिद्ध झाला आहे त्याची राखण गाव आपण होऊन करते, कारण वणव्यात जळणारे रान आता त्याचे स्वतःचे असते. वस्तीतल्या आणि सडकेच्या झाडांना हाच न्याय का लागू होऊ नये?

म्हणून देवरीच्या नगरपंचायतीला आणि नागरिकांना एक विनंती करावीशी वाटते. या पावसाळ्यात रोपे थोडी लावा, पण ती आंबा, चिंच, जांभूळ, करंज, कडुनिंब यांची असू द्या. प्रत्येक रोपासमोरच्या घराचे किंवा दुकानाचे नाव नोंदवहीत रीतसर चढवा, त्याला पाण्याची जबाबदारी द्या आणि फळाचा हक्कही लेखी द्या. आणि तीन वर्षांनी, ज्येष्ठ महिन्यात, ती वही घेऊन साऱ्या सडकेवरून एकदा फिरा.