नळी का तुंबते?

१९१७ सालची गोष्ट. जर्मनीतल्या एका इस्पितळात अठरा वर्षांचा मुलगा मदतनीस होता. कोळशाच्या खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक मजूर तिथे आला. हा काही आठवड्यांचाच सोबती, असं डॉक्टरांनी मुलाला सांगून टाकलं. आणि पाचेक आठवड्यांत तो गेलाच. मोडलेल्या मणक्यामुळे नव्हे, तर अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने. मुलाचं नाव लुडविग गुटमन. ज्यू असल्याने १९३९ मध्ये त्यांना इंग्लंड गाठावं लागलं आणि १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलचं मणक्याच्या रुग्णांचं केंद्र त्यांच्या हाती आलं. (पॅरालिम्पिकचे जनक ते हेच, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

अशा रुग्णाच्या ओटीपोटाला छिद्र पाडून मूत्राशयात नळी बसवून ठेवायची, हा त्या काळचा रिवाज. लघवी अडायची नाही हे खरं. पण ती सतत वाहून गेली की मूत्राशय कधी भरतच नाही, हळूहळू आक्रसतो. जंतू मुक्काम ठोकतात, खडे होतात. गुटमन यांना हे सरसकट करणं पटेना. ठराविक वेळाने निर्जंतुक नळी घालायची, मूत्राशय रिकामा करायचा, नळी काढून टाकायची, ही त्यांची रीत. १९६६ मध्ये त्यांनी फ्रँकेल यांच्यासह ४७६ रुग्णांचा हिशेबच मांडला. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडस म्हणाले, नळी निर्जंतुक नसली तरी स्वच्छ असली की पुरे, रुग्णाने स्वतःच घालावी.

पण ज्याचे हातच चालत नाहीत त्याने काय करायचं? माझ्या भाच्याची मान अपघातात दुखावली, त्याला पोटातली नळीच सोयीची. ती तुंबली की भेटायला आलेली मंडळी "स्वच्छता नीट पाळत नसाल" म्हणतात आणि माझ्या बहिणीचा चेहरा उतरतो. हे काही बरोबर नाही. प्रोटियस नावाचा जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातले क्षार नळीत थर धरतात, बंबात धरतात तसे. कितीही हात धुतले तरी कायमच्या नळीत जंतू शिरतातच. प्रतिजैविकांनी ते तात्पुरते दबतात, नळीला चिकटलेला थर तसाच राहतो. म्हणून नळी ठराविक आठवड्यांनी बदलायची असते, आणि लवकर तुंबत असेल तर त्याआधीच.

नातेवाइकांनी लक्षात ठेवावं असं आणखी एक. १९४७ मध्ये गुटमन आणि व्हिटरिज यांनी दाखवलं, की इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर मूत्राशय ताणला जाताच रक्तदाब एकदम उसळतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला आधी उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठे पिळली-दुमडली आहे का ते पाहायचं. तुंबलेली असेल तर ती तिथल्या तिथे बदलायला हवी. ते घरी जमणार नसेल तर थेट इस्पितळ गाठायचं, सकाळची वाट पाहायची नाही.