स्वतःच्या हाताला बेतलेले अवजार

पोलादी टाक बाजारात येण्यापूर्वी लिहिणाऱ्याला आपली लेखणी स्वतःच घडवावी लागे. बोरूची काडी घ्यावयाची, चाकूने तिरपी तासावयाची, टोकाला चीर पाडावयाची आणि आपल्या बोटांना मानवेल इतकेच टोक ठेवावयाचे, हा कारकुनाचा नित्याचा उद्योग होता. एकाने तासलेला बोरू दुसऱ्याच्या हातात नीट बसत नसे. आजच्या यंत्रयुगात ही परंपरा लोपली असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु संगणकाच्या क्षेत्रात, जेथे सारे काही तयार मिळते अशी समजूत आहे तेथेच, ती चांगली जिवंत आहे.

संगणकाला कामास लावावयाचे तर त्याला उमजेल अशा भाषेत सूचना लिहाव्या लागतात. त्या लिहिणे, खोडणे, ओळी वरखाली करणे, चूक शोधून दुरुस्त करणे, या साऱ्यासाठी जे साधन लागते त्याला एडिटर म्हणतात. वृत्तपत्राच्या संपादकाशी त्याचा संबंध नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची पाटी होय आणि लेखणीही तीच. त्याचा बहुतेक दिवस या साधनाच्या सहवासात जातो. म्हणून त्यातले लहानसे वैगुण्यही त्याला दररोज टोचते आणि केव्हातरी आपला एडिटर आपणच करावा, असा विचार त्याच्या मनात येतो. अशा घरगुती उद्योगातून एक जगन्मान्य साधन कसे उभे राहिले, याची हकीकत मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

तिचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे, बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्सन यांच्या पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन काही आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला गेल्या होत्या. त्या मोकळ्या दिवसांत टॉम्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या लहान संगणकावर एका नव्या कार्यप्रणालीची जुळणी केली. पुढे युनिक्स या नावाने ती प्रसिद्ध झाली. तिचाच एक भाग म्हणून त्यांनी जो एडिटर लिहिला, त्याचे नाव ई-डी. त्या वेळी संगणकाचे उत्तर पडद्यावर दिसत नसे. टेलिटाइप यंत्र ते सेकंदाला दहा अक्षरे या गतीने कागदावर ठोकीत असे. सगळा मजकूर पुन्हा पुन्हा छापून पाहणे परवडणारे नव्हते. म्हणून ई-डी मध्ये एका वेळी एखाद्या ओळीविषयी आज्ञा द्यावयाची, झालेला बदल मनात धरावयाचा आणि पुढे जावयाचे, अशी रीत होती. जणू डोळ्यांवर पट्टी बांधून गणित सोडवावे, तसा हा प्रकार होता.

टॉम्सन यांना ते साधत असे, पण सर्वांना कसे साधावे? लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कूलूरिस नावाचे अध्यापक होते. त्यांच्याकडे पडद्याची यंत्रे आली होती. त्यांनी ई-डी मध्ये फेरफार करून चालू ओळ पडद्यावर दिसेल आणि तेथेच दुरुस्त करता येईल अशी सोय केली. टॉम्सन त्यांच्या प्रयोगशाळेत आले असता कूलूरिस यांनी ती त्यांना दाखविली. असले एडिटर पाहिले आहेत, परंतु मजकूर डोळ्यांसमोर असण्याची आपल्याला गरज भासत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. कूलूरिस यांनीच ही आठवण पुढे सांगितली आहे. त्यांनी आपल्या एडिटरला ई-एम हे नाव दिले. त्याचा अर्थ, मर्त्य मानवांसाठी केलेला एडिटर!

१९७६ च्या उन्हाळ्यात कूलूरिस कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात गेले, तेव्हा ई-एमची फीत त्यांच्यासोबत होती. तेथील बिल जॉय या तरुण विद्यार्थ्याने तो एडिटर पाहिला, त्याची प्रत मागून घेतली आणि चक हेली या सहकाऱ्यासह तो बदलावयास घेतला. त्यातूनच संपूर्ण पडदाभर मजकूर दाखविणारा व्ही-आय हा एडिटर जन्मास आला. हे काम जॉय यांनी पुष्कळसे घरी बसून केले. विद्यापीठाच्या संगणकाशी त्यांचा संबंध दूरध्वनीच्या तारेतून होता आणि त्या तारेतून सेकंदाला सुमारे तीस अक्षरे येत. चोवीस ओळींचा, प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरांचा पडदा पूर्ण भरावयाचा तर मिनिटाहून अधिक काळ लागावा, असा हिशेब होता. परिणामी व्ही-आयच्या आज्ञा एकदोन अक्षरांच्या झाल्या आणि पडद्याचा बदललेला तेवढाच भाग नव्याने उमटावा, अशी काळजी घेतली गेली.

जॉय यांच्यापुढील एडीएम-३ए या यंत्राला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या कळांवरच डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाणारे बाण छापलेले होते. ते यंत्र कधीच इतिहासजमा झाले. तथापि व्ही-आयच्या घराण्यातील एडिटर वापरणारी माणसे आजही याच चार कळांनी पडद्यावर फिरतात. अवजार घडविणाऱ्याच्या खोलीतील परिस्थिती अवजारावर कशी कायमची उमटून राहते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

व्ही-आय लोकप्रिय झाला, परंतु त्याच्या वाटेत दोन अडचणी उभ्या राहिल्या. जॉय यांच्या मनात एकाच पडद्यावर अनेक खिडक्या उघडून निरनिराळे मजकूर शेजारी शेजारी पाहता यावेत, अशी योजना होती. १९७८ च्या अखेरीस त्यांच्याकडे नवा संगणक आला. त्या सुमारास फितीवर प्रत उतरविणारे यंत्र बिघडले. त्याही स्थितीत जॉय काम करीत राहिले आणि एके दिवशी मूळ मजकूरच खराब झाला. कागदावरही पूर्ण प्रत नव्हती. खिडक्यांचा तो बेत तेथेच राहिला. दुसरी अडचण कायद्याची होती. व्ही-आयच्या मुळाशी ई-डी होता आणि ई-डी हा एटी अँड टी कंपनीच्या मालकीचा होता. तिचा परवाना नसलेल्याला व्ही-आयचा मूळ मजकूर घेता येत नसे आणि देताही येत नसे. ज्याने अनेकांच्या हाताला वळण लावले, ते अवजारच त्यांना दुरुस्त करता येऊ नये, अशी ही अवस्था होती.

या कोंडीतून वाट निघाली ती घरगुती संगणकांवर. टिम टॉम्सन यांनी (आडनाव तेच असले तरी ही व्यक्ती निराळी) आपल्या अटारी एसटी संगणकासाठी व्ही-आयसारखा एक छोटा एडिटर मुळापासून लिहिला, त्याचे नाव स्टीव्ही ठेवले आणि १९८७ मध्ये त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार यांनी त्याच सुमारास अमिगा नावाचा घरगुती संगणक घेतला होता. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकलेल्या मोलेनार यांच्या बोटांना व्ही-आयची सवय होती आणि अमिगावर तो मिळत नव्हता. त्यांनी स्टीव्ही उतरवून घेतला. तो त्यांना अपुरा वाटला. १९८८ मध्ये त्यांनी त्यात सुधारणा करण्यास प्रारंभ केला. त्यामागे कोणाची मागणी नव्हती आणि मोबदल्याची आशाही नव्हती. स्वतःला जे हवे ते जोडावयाचे, जे खटकते ते काढावयाचे, एवढाच नियम होता.

हा एडिटर म्हणजे व्हिम. तीन वर्षे घरच्या घरी वापरून झाल्यावर १९९१ मध्ये तो प्रथम लोकांपुढे आला. अमिगाच्या हौशी मंडळींत फ्रेड फिश यांनी संकलित केलेल्या चकत्या हातोहात फिरत. त्यांपैकी ५९१ क्रमांकाच्या चकतीवर व्हिम होता. त्या वेळी या नावाचा अर्थ ‘व्ही-आयची नक्कल’ असा होता. १९९३ मध्ये नाव तसेच ठेवून अर्थ बदलण्यात आला : ‘सुधारलेला व्ही-आय’. हा बदल पोकळ नव्हता. जुन्या व्ही-आयमध्ये शेवटचा एकच फेरफार मागे घेता येई. व्हिममध्ये पायरीपायरीने पुष्कळ मागे जाता येऊ लागले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत एकाच पडद्यावर अनेक खिडक्या उघडण्याची सोय झाली. बर्कलीत सोळा वर्षांपूर्वी गमावलेला बेत जॉय यांच्या वंशातील एडिटरमध्ये असा एका हौशी माणसाच्या हातून सिद्धीस गेला.

त्याच वर्षी मोलेनार यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. ते आफ्रिकेतील युगांडा देशात किबाले येथील बालकेंद्रात पाणीपुरवठा व स्वच्छता यांच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून गेले आणि वर्षभर राहिले. एड्सच्या साथीने त्या भागात अनेक मुले पोरकी झाली होती. मायदेशी परतल्यावर त्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी निधी उभारण्यास सुरुवात केली. व्हिमची किंमत ठेवली नाही. ज्याला तो उपयोगी पडेल त्याने युगांडातील मुलांना साहाय्य करावे, एवढी विनंती मात्र केली. व्हिम नुसता उघडला की त्याच्या पहिल्याच पडद्यावर ती विनंती दिसे. जगाच्या कानाकोपऱ्यांतील प्रोग्रॅमकारांनी युगांडातील या मुलांविषयी वाचले ते याच पडद्यावर.

या कथेत एक शंकास्थान आहे आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे अवजार एकाच्या हाताला बेतलेले असते, ते पुष्कळदा त्या एकाच हातावर अवलंबूनही राहते. तीस वर्षांहून अधिक काळ व्हिममध्ये काय यावे आणि काय येऊ नये, याचा अंतिम निर्णय मोलेनार यांचा असे. इतरांनी सुचविलेले बदल कधी स्वीकारले जात, कधी दीर्घकाळ तसेच पडून राहत. २०१४ मध्ये थियागो द आरुदा यांनी निओव्हिम नावाने वेगळी शाखा काढली, ती अशाच असमाधानातून. मूळ मजकूर खुला होता म्हणूनच असे वेगळे होणे शक्य झाले. पुढे दोन्ही शाखा वाढल्या आणि परस्परांकडून शिकल्याही.

३ ऑगस्ट २०२३ रोजी मोलेनार यांचे निधन झाले. ते अवघे ६२ वर्षांचे होते. कर्त्यामागे व्हिमचे काय होणार, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. उत्तर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी दिले. ख्रिस्तियान ब्राबांट यांनी पुढाकार घेतला, काम वाटून घेतले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ९.१ ही आवृत्ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. १९७८ मध्ये प्रत नव्हती म्हणून काम बुडाले होते. २०२३ मध्ये असंख्य संगणकांवर प्रती होत्या आणि त्या दुरुस्त करण्याचा अधिकारही लोकांपाशी होता. त्यामुळे माणूस गेला तरी काम थांबले नाही.

दरम्यान नव्या लोकांनी नवे बोरू तासणे चालूच ठेवले आहे. इटलीतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१६ मध्ये किलो नावाचा एक इवलासा एडिटर लिहून खुला केला. तो सी भाषेतील हजार ओळींच्या आत बसतो. कळ दाबली असता नेमके काय घडते, मजकूर कोठे साठविला जातो आणि पडदा पुन्हा कसा रंगविला जातो, हे त्यात शिकणाऱ्याला ओळीओळीने पाहता येते. ते पाहून अनेक विद्यार्थ्यांनी आपापले एडिटर केले आहेत. त्यांतील बहुतेक एकट्या कर्त्यापुरतेच राहतील आणि त्यात वाईट काहीच नाही. कारण ते करताना कर्त्याला आपले साधन आतून कळते.

परंतु त्यांपैकी एखादे जर कर्त्याच्या पश्चात टिकावयाचे असेल, तर तीन गोष्टी लागतील असे ही पन्नास वर्षांची हकीकत सांगते. ते प्रथम स्वतःच्या खऱ्या गरजेपोटी केलेले असावे. त्याची प्रत दुसऱ्यापाशी असावी. आणि त्या दुसऱ्याला ते आपल्या हाताप्रमाणे पुन्हा तासून घेण्याची मोकळीक असावी. बोरू तासणाऱ्याचा चाकू कलमदानात असे. व्हिमचा तो चाकू मोलेनार यांनी हयातीतच सर्वांच्या हाती देऊन ठेवला होता.