मानसोपचाराची परीक्षा

मनाचे दुखणे नुसत्या बोलण्याने बरे होते काय, हा प्रश्न विद्वानांच्या सभेत विचारला जातो तसाच कारखान्याच्या दारातही विचारला जातो. आमच्यापुढे तो आला तो सारखे खाडे करतो म्हणून बदनाम झालेल्या एका कामगाराच्या रूपाने. माणूस कसबी, पण महिनोन्महिने त्याला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हते, कामाला हात उचलत नव्हता. व्यवस्थापनाने त्याला कामचुकार ठरविले. आम्ही त्याची बाजू मांडली खरी. पण खासगीत त्याला सांगितले ते एवढेच, की 'गड्या, मन घट्ट कर!' पाय मोडलेल्या माणसाला 'धाव' म्हणण्यासारखेच ते होते, हे उमजायला आम्हांला पुढे बरीच पुस्तके चाळावी लागली. शाळा आमची लवकर सुटली. जे वाचले ते अडचणीपोटी वाचले. त्यातून जो इतिहास हाती लागला तो येथे मांडीत आहोत.

फ्रॉइडपासून पुढे पन्नासएक वर्षे मानसोपचाराचा पुरावा म्हणजे बहुधा उपचार करणाऱ्यानेच सांगितलेली रुग्णाची कहाणी होती. वैद्यच साक्षीदार आणि वैद्यच न्यायाधीश! या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव घातला तो लंडनच्या हान्स आयसेंक यांनी, १९५२ साली. २४ अहवालांतील सात हजारांवर रुग्णांची आकडेवारी जमवून त्यांनी म्हटले, की मज्जाविकृतीचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत सुधारतात. मग मानसोपचार होवो अगर न होवो.

या हिशेबात उपचाराविना सुधारलेले म्हणून जे धरले, त्यांत अमेरिकेतील एका विमा कंपनीचे ५०० दावेदार होते. त्यांना साध्या डॉक्टरांनी तपासले होते, आणि दोन वर्षांत त्यांतले ७२ टक्के सुधारल्याची नोंद होती. येथे मात्र आमच्यासारख्याच्या भुवया उंचावतात. विम्याचा माणूस कामावर परतला म्हणजे तो बरा झाला, असे कोणी म्हणावे? घरात पीठ संपले की तापातही माणूस पाळीवर जातो. आयसेंक यांच्या आकड्यांवर त्या काळीच पुष्कळ आक्षेप आले. त्यांच्या उत्तरायुष्यातील काही संशोधन विश्वासार्ह नाही, असा निर्वाळा २०१९ साली किंग्ज कॉलेजच्या चौकशीने दिला, तीही गोष्ट लपवण्याजोगी नाही. तथापि त्यांचा मूळ प्रश्न रास्त होता : उपचार न घेणाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय उपचाराचा गुण कसा ठरवावा?

त्याचे उत्तर द्यायला वीस-पंचवीस वर्षे गेली. रीत साधी आहे. रुग्णांच्या जणू चिठ्ठ्या टाकायच्या. काहींना एक उपचार, काहींना दुसरा. आणि परिणाम मोजणाऱ्याला कोणाला काय मिळाले हे शक्यतो कळू द्यायचे नाही. वशिला नाही, निवड नाही. फिलाडेल्फियाचे आरन बेक हे मूळचे मनोविश्लेषक. खिन्न माणूस स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी ठरावीक काळेच निष्कर्ष काढतो, हे पाहून त्यांनी ते निष्कर्ष पुराव्यावर तपासून घेण्याचा उपचार बसविला. १९७७ साली ४१ रुग्णांवरील तुलनेत तो इमिप्रामीन या औषधाहून सरस ठरला. औषध शेवटी शेवटी कमी केले होते, ही टीका झाली. ती योग्यही होती. त्याच वर्षी स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली : उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या १०० पैकी सुमारे ७५ जणांहून बऱ्या स्थितीत असतो.

पुढे अमेरिकी सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेने तीन केंद्रांत २५० रुग्णांची मोठी परीक्षा घेतली. तिचा निकाल १९८९ साली आला. दोन प्रकारचे मानसोपचार, एक औषध आणि एक नुसती दिखाऊ गोळी. पण गोळी घेणाऱ्यांनाही डॉक्टर नियमाने भेटत, धीर देत. १६ आठवड्यांत चारही गटांत सुधारणा दिसली. सौम्य आजारात फरक थोडा. तीव्र आजारात औषध उजवे. कोणत्याच पंथाला विजयाची मिरवणूक काढता आली नाही. मात्र नेमाने विचारपूस करणाऱ्या माणसाचे मोल या परीक्षेने दाखविले, असे आम्हांला वाटते.

खिन्नतेहून बिकट प्रकरण व्यक्तिमत्त्वाच्या विकारांचे. त्यांतील 'बॉर्डरलाइन' हे नाव १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न यांनी रूढ केले. भावनांचा क्षणात उसळणारा लोंढा, टाकून दिले जाण्याची भीती, स्वतःस इजा करून घेणे, अशी ही अवस्था. पुष्कळ वैद्य या रुग्णांना असाध्य आणि त्रासदायक समजून टाळीत. सिअॅटलच्या मार्शा लिनेहान यांनी १९९१ साली दाखवून दिले, की वर्षभराच्या शिस्तबद्ध उपचाराने इजा करून घेण्याचे प्रसंग आणि इस्पितळातले दिवस कमी होतात, व रुग्ण उपचार सोडून जात नाहीत. खिन्नता व निराशा मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली, हेही त्यांनी लिहून ठेवले.

त्यांच्या उपचाराचे नाव 'द्वंद्वात्मक'. हा शब्द आमच्या चळवळीला परका नाही. 'तू आहेस तसा आम्हांला मान्य आहेस' आणि 'तुला बदललेच पाहिजे' ही दोन्ही विधाने एकाच दमात खरी धरायची, असा त्याचा गाभा. २०११ साली बाईंनी जाहीर केले, की तरुणपणी आपणही अशाच रुग्ण म्हणून इस्पितळात कोंडल्या गेलो होतो. लंडनला बेटमन आणि फोनागी यांनीही १९९९ साली वेगळ्या पद्धतीने असेच यश मिळविले. एकाच गुरूची ती किमया नव्हती.

येथे एक कडू आकडाही सांगितला पाहिजे. मेरी झनारिनी यांनी अमेरिकेत अशा २९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला. २०१० च्या अहवालानुसार ९३ टक्क्यांची लक्षणे किमान दोन वर्षे हटली; पण लक्षणे जाऊन कामधंदा व नातीगोती नीट लागली, असे निम्मेच निघाले. दुखणे ओसरते, गेलेली नोकरी परत येतेच असे नाही.

मग असा उपचार गरिबाने कोठून आणावा? याचे उत्तर आमच्या शेजारी, गोव्यात मिळाले. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत खिन्नतेच्या ४९५ रुग्णांवर परीक्षा झाली; निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उपचार करणारे मानसोपचाराची पदवी नसलेले, खास शिकवून तयार केलेले स्थानिक समुपदेशक होते. सहा ते आठ बैठकी. सुटून गेलेली कामे, भेटीगाठी, आवडी पुन्हा एकेक करून सुरू करायला लावणे, हे मुख्य सूत्र. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते; नेहमीची शुश्रूषा, थोडी सुधारून, मिळालेल्यांत ३९ टक्के. आता 'मन घट्ट कर' आणि 'उद्या सकाळी दाराबाहेर एवढे पाऊल टाकू, परवा मी पुन्हा विचारीन' यांतला फरक पाहा. पहिला उपदेश, दुसरा उपचार.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजारालाही विमा द्यावा असे विमा कंपन्यांना बजावले आहे. कायदा कागदावर आला की तो आपोआप चालतो, असा आमचा अनुभव नाही. तो चालवावा लागतो.

आमच्या त्या कामगाराने पुढे राजीनामा दिला. आम्ही त्याच्या रजेसाठी भांडलो. उपचारासाठी भांडता येते हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. यापुढे कोणी खाडे करू लागला, तर हजेरीपट पाहण्याआधी त्याच्या घरी जाऊन 'झोप लागते का?' एवढे विचारावे, आणि नाही म्हणाला तर त्याला घेऊन आरोग्य केंद्रात जावे. संघटनेचे एवढे काम तरी आमच्या हातचे आहे.