व्हिटॅमिन डी : सकाळचं कोवळं ऊन पुरतं की गोळी घ्यावीच लागते?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज सकाळी सहा-सातला फिरणाऱ्या एखाद्याच्या रिपोर्टमध्ये 'व्हिटॅमिन डी कमी' आलं की तो चक्रावतो. रोज उन्हात तर जातोय, मग कमी कसं?

कारण सोपं आहे. कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी जवळपास तयारच होत नाही. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर सूर्याचे यूव्हीबी किरण पडले की त्याचं डी-३ बनू लागतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंडं त्याला कामाचं रूप देतात. सूर्य खाली असताना किरण वातावरणातून तिरके, लांबून येतात आणि बहुतेक यूव्हीबी वाटेतच शोषले जातात. खिडकीच्या काचेतूनही ऊब आत येते, यूव्हीबी नाही. फिरण्याचे बाकीचे फायदे आहेतच, फक्त हा नाही.

मग ऊन कधीचं?

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरलाही दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य ४६-४७ अंशांवर असतो आणि सावली उंचीपेक्षा जराशी आखूडच पडते. म्हणजे आभाळ मोकळं असेल तर आपल्याकडे वर्षभर सोय आहे. लंडनमध्ये हिवाळ्यात ती नसते, म्हणून तिथलं सरकारच थंडीत रोज ४०० आययू घेण्याचा सल्ला देतं. तिकडच्या भाच्याने फॉरवर्ड केलेला सल्ला नाशिकला जसाच्या तसा लावायचं कारण नाही.

ऊन विरुद्ध गोळी अशी तुलना पुण्यात झालेली आहे. जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी डी कमी असलेल्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका गटाला सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत किमान २० मिनिटं ऊन घ्यायला सांगितलं, दुसऱ्याला रोज १००० आययूची गोळी दिली. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांची पातळी वाढली होती.

अर्थात २० मिनिटं हा सगळ्यांसाठीचा आकडा नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, वय वाढलं की त्वचेची क्षमता घटते. स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून गाडीवर गेलेला तास यात धरता येत नाही. आणि एप्रिलच्या भर दुपारी मुद्दाम उभं राहायला कुणीच सांगत नाही. त्या दिवसांत साडेदहा-अकराचं ऊन पुरे. त्वचा लाल व्हायच्या आत सावलीत यायचं.

गोळीचा घोळ

उन्हाने व्हिटॅमिन डी कधीच जास्त होत नाही, कारण गरजेपेक्षा जास्त बनू लागलं की तेच ऊन त्याचं निरुपयोगी पदार्थांत विघटन करतं. गोळीला असा ब्रेक नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० आययू लागतात. मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी कॅप्सूल किंवा पुडी असते ६०,००० आययूची, म्हणजे एकीत १०० दिवसांची बेगमी. डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एक, अशी काही आठवडेच देतात. तीच कुणी 'रोज एक' समजून घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी मूत्रपिंडांना इजा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४००० आययूच्या वर जाऊ नये.

तरी गोळी लागणारे लोक आहेतच. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० आययूचे थेंब देतात. तेल लावून कोवळ्या उन्हात धरणं त्याला पर्याय नाही. घराबाहेर न पडणारे आजी-आजोबा, अंग पूर्ण झाकणारे, उजाडताच सातपूर-अंबडच्या कंपनीत शिरून अंधार पडल्यावर बाहेर येणारे, यकृत-मूत्रपिंडांचे रुग्ण, यांना फक्त उन्हावर ठेवणं चुकीचं ठरेल. शाकाहारींनी एक बघावं: बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं आणि मऊ कॅप्सूलचं कवच अनेकदा जिलेटिनचं असतं. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून काढलेलं डी-३ही मिळतं.

धडधाकट माणसाला मात्र जादा डी घेऊन फारसं काही मिळत नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २००० आययू घेऊनही कॅन्सर, हृदयविकार किंवा फ्रॅक्चरचं प्रमाण घटलं नाही. २०२४ मध्ये तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणीही नको म्हटलं. 'फुल बॉडी चेकअप' पॅकेज घेताना हे आठवावं.

घरात ६०,००० ची स्ट्रिप असेलच, तर औषधवाल्याकडून तिच्यावर मोठ्या अक्षरात 'फक्त रविवारी' लिहून घ्या, आणि किती रविवार तेही.