बंदूक-खरेदीदार पडताळणी, अमेरिकेतील
परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेणाऱ्याची कायदेशीर पात्रता तपासणारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघराज्यीय व्यवस्था. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यान्वये (→ ब्रॅडी, जेम्स) ती ३० नोव्हेंबर १९९८ पासून कार्यान्वित झाली. संचालन एफबीआयकडे आहे. ग्राहक ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो व विक्रेता त्यावरून चौकशी करतो. तीन कामकाजी दिवसांत निर्णय न आल्यास सामान्यतः विक्री करता येते. १९८६ च्या कायद्याने संघराज्यीय बंदूक-नोंदणीस मनाई आहे. मंजूर व्यवहारांतील खरेदीदाराचा ओळख-तपशील २४ तासांत नष्ट करतात. अर्ज विक्रेत्याकडे राहतात. दुकान बंद पडल्यास ते एटीएफ या बंदुकांविषयीच्या संघराज्यीय नियामक संस्थेच्या मार्टिन्सबर्ग येथील केंद्राकडे जातात. या साठ्यातून अप्रत्यक्ष नोंदणी उभी राहते, अशी बंदूकधारक संघटनांची हरकत आहे. गुन्ह्यातील शस्त्राचा माग काढण्यासाठी हे अभिलेख वापरतात. (→ दुसरी घटनादुरुस्ती).