अग्निशमन सप्ताहाची कुळकथा

14 एप्रिलला अहिल्यानगरात निळे झेंडे, मिरवणुका आणि बाबासाहेबांची जयंती असते. या गजबजाटात त्याच तारखेला येणारा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन कुणाच्या लक्षात राहिला तरच नवल. बंबवाले हुतात्म्यांना मानवंदना देतात, छोटी ध्वजचिन्हं टोचतात आणि 20 तारखेपर्यंत शाळा-कार्यालयांतून प्रात्यक्षिकं होतात. हा रिवाज 1944च्या मुंबई गोदीतल्या स्फोटातून आला, एवढं बहुतेक अग्निशमन केंद्रांत ठाऊक असतं. मला त्याच्या मागची एक पिढी शोधायची आहे. माझं म्हणणं असं, की हा सप्ताह गोदीच्या आगीत जन्मला असला, तरी त्याचं कूळ हवाई हल्ल्याच्या भीतीचं आहे. आणि तो हल्ला मुंबईच्या गोदीवर कधी झालाच नाही.

घटना थोडक्यात. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज कराचीहून कापसाच्या गासड्या घेऊन 12 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता, आणि सोन्याच्या विटाही. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा मात्र जहाजावर नव्हता. 14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास कापसाने पेट घेतला. बंबांनी पाण्याचा मारा केला, पण आगीचं मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. सेन्सॉरमुळे स्फोटाची बातमी छापून यायला मे उजाडला. जपानी ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगून टाकली होती.

छापील बातमी नाही, आभाळात धुराचा लोट आणि वरून पडणारं जळतं लोखंड. अशा वेळी जपानी विमानं आली, असं मुंबईकरांनी मानलं यात नवल नाही. एप्रिल 1942मध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले होते. 5 डिसेंबर 1943ला कोलकात्यात हुगळीच्या काठच्या खिदिरपूर गोदीवर भर दिवसा हल्ला होऊन शेकडो माणसं मेली होती. गोदीवरचा खरा हवाई हल्ला तो. मग देशाने स्मरणासाठी मुंबईचा अपघात का धरला, खिदिरपूर का नाही? माझ्या मते उत्तर हजेरीपटात आहे. खिदिरपुरात मेलेले मुख्यतः हातावर पोट असलेले गोदी कामगार. त्यांची नावं सांगणारी वही नव्हती. मुंबईतही तेच दिसतं. एकूण बळी कुणी 800 म्हणतं, कुणी 1,300, पण बंबवाल्यांचा आकडा 66वर पक्का आहे, कारण त्यांना गणवेश होता आणि पटावर नाव होतं. कुणी म्हणेल, मुंबईचा स्फोटच इतका प्रचंड होता की तो आपसूक लक्षात राहिला. तसं असतं तर दिवस गोदीचा झाला असता. तो झाला अग्निशमन दलाचा.

दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार आहे. हा सप्ताह म्हणजे सुरक्षेची सरकारी मोहीम आहे. उन्हाळ्यात आगी वाढतात म्हणून एप्रिल निवडला, असं म्हणता येतं. ऐकायला पटतं, पण कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. तपासणीचं पंचांग वेगळं आणि एप्रिलचं वेगळं. नोव्हेंबर 2021मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात करोनाचे रुग्ण आगीत गेले, तेव्हाही चर्चा झाली ती या तपासण्यांची, सप्ताहाची नव्हे. शिवाय मोहिमेसाठी तारीख निवडायची मोकळीक असती, तर जयंतीची सुट्टी आणि मिरवणुका असलेला दिवस कोणत्या हुशार अधिकाऱ्याने उचलला असता? ही तारीख कुणी सोय बघून निवडलेली नाही. श्राद्धाची तिथी हलवता येत नाही, तशी ती आहे.

आता हवाई हल्ल्याच्या कुळाचा पुरावा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हा नगरपालिकांचा विषय आहे. नगरमध्ये बंब महापालिकेचे, पगारही तिचाच. तरी या सप्ताहाचा दरवर्षीचा विषय ठरवून पाठवतं ते दिल्लीतलं केंद्रीय गृहखात्याचं महासंचालनालय, आणि त्याच्या नावात अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण आणि होमगार्ड हे तिघे एका ओळीत बसलेले आहेत. ही सांगड युद्धकाळाची आहे. भोंगे वाजवणं, दिवे झाकणं, वाळूच्या बादल्या भरणं आणि जादा बंबवाले तयार करणं ही सगळी तेव्हा हवाई हल्ल्यापासून बचावाच्या एकाच तयारीची अंगं होती. केवळ कारभाराच्या सोयीने हे तीन विषय एकत्र आले असतील, असा आक्षेप येईल. पण निव्वळ सोय बघितली असती, तर अग्निशमन नगरविकासाकडे गेलं असतं. महाराष्ट्रात ते आहेच. केंद्रात मात्र ते गृहखात्याकडे राहतं, कारण आगीकडे शत्रूने लावलेली आग म्हणून पाहण्याची सवय तिथे मुरलेली आहे. 7 मे 2025ला देशात नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा भोंगे आणि अंधाराच्या जोडीला बंब होतेच.

राहतं ध्वजचिन्ह. राज्यपाल-मुख्यमंत्र्यांच्या छातीवर बंबवाले जे टोचतात, त्याची थेट वंशावळ माझ्या हाती नाही. पण सैनिकांसाठी निधी जमवणारा सशस्त्र सेना ध्वजदिन 1949पासून 7 डिसेंबरला पाळला जातो, आणि त्याच्या आधी पहिल्या महायुद्धाच्या मृतांसाठी कागदी खसखशीची फुलं विकली जात होती. पालिकेच्या नोकराला सैनिकाच्या पंगतीत बसवणारी ही उसनवारी तिथूनच आली असावी, असं मी बेधडक म्हणतो. विरोधात एवढंच म्हणता येईल, की निधीसाठी चिन्ह टोचणं ही कोणत्याही संस्थेची युक्ती असू शकते. असेल, पण सलामी, गणवेश, शांतता आणि चिन्ह हे चारही एकत्र येतात ते सैन्याच्याच घरी.